माझ्या उजव्या खांद्याविषयी उपलब्ध साहित्य

आदरणीय दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दीड हाताने केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. डावा हात पूर्ण आहे. उजवा छातीपर्यंत येतो आणि तिथेच थांबून तुमच्याविषयीचा उरलेला आदर मनातल्या मनात व्यक्त करतो. तुमची नवी कवळी बसली का? ती घालून हसता येत नाही असं वहिनी फोनवर म्हणत होत्या. तसं असेल तर हे पत्र कवळी काढून वाचावं, कारण तुम्हाला हसू येईल अशा काही गोष्टी त्यात आहेत आणि त्या सगळ्या माझ्याच अंगावर घडलेल्या आहेत. वहिनींचा खोकला कसा आहे? इथे हिची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम.

तुम्ही पाठवलेली तेलाची बाटली पोचली. म्हणजे बाटली पूर्ण पोचली, तेल अर्धं पोचलं. उरलेलं अर्धं पोस्टमनच्या पिशवीत मुरलं, आणि सायकल चालवताना ती पिशवी त्याच्या गुडघ्यावर लोंबते, म्हणून आता त्याच्या गुडघ्याला बराच आराम आहे असं तो स्वतः सांगत होता. (तो तुमचा आभारी आहे. पत्ता मागत होता, मी दिला नाही.) तेव्हा तेल गुणकारी आहे यात शंका नाही. फक्त ते खांद्याचं आहे की गुडघ्याचं एवढंच बघायचं राहिलं.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे जाहीर सभा. ही स्वयंपाकघरातून, शिवणयंत्रावरून, अगदी गच्चीवर कपडे वाळत घालतानासुद्धा मधे मधे दुरुस्त्या सुचवते. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं. आणि लिहायला मला काहीच त्रास होत नाही. कोपर टेबलावर टेकला की खाली हात काय करतोय हे खांद्याला कळत नाही.

तर या दुखण्याचा आरंभ माझ्या वाचनालयातच झाला. महाविद्यालयात नवी मुलं आली की ग्रंथपाल या नात्याने पहिलं भाषण माझं असतं. विषय ठरलेला: अभ्यासकांनी अभ्यासकांसाठी लिहिलेलं साहित्य कोणतं, सामान्य वाचकांसाठी लिहिलेलं कोणतं, आणि एकाच आजाराविषयी दोन्हींत काय फरक असतो. हे भाषण मी इतकी वर्षं करतोय की ते माझ्याशिवायही होऊ शकेल. त्यात एक ठरलेली जागा आहे. मी म्हणतो, "मुलांनो, विश्वासार्ह ज्ञान हवं असेल तर नेहमी तिकडे बघा," आणि उजवा हात उंचावून सर्वांत वरच्या फळीकडे बोट दाखवतो, जिथे शोधनिबंधांचे जाडजूड बांधीव खंड आहेत. यंदाही मी तसं म्हणालो आणि हात उचलला. तो अर्ध्यावर गेला आणि थांबला. खांद्यातून अशी कळ आली की माझं तोंड उघडं राहिलं आणि बोट जिथे होतं तिथेच राहिलं. सगळ्या वर्गाने माना वळवून त्या दिशेला बघितलं. तिकडे प्रसाधनगृहाचं दार आहे. दोन मुलांनी तर ते लिहूनही घेतलं.

घरी आल्यावर हिने निदान केलं की मी त्या कुशीवर झोपलो असणार. मी म्हटलं, मी तर गेली कित्येक वर्षं त्याच कुशीवर झोपतो. ती म्हणाली, म्हणूनच. पुढे दुखणं वाढत गेलं. डॉक्टरांनी हात चारी दिशांना वळवून बघितला (वळवला त्यांनी, दिशा दिसल्या मला), "खांदा आखडलाय, याला गोठलेला खांदा म्हणतात" असं सांगितलं, गोळ्या दिल्या, हळूहळू करायचे व्यायाम शिकायला एका बाईंकडे धाडलं, आणि धीर धरा म्हणाले. धीर धरणं हा उपचार तुमच्या बहिणीला मान्य नाही. रविवारच्या वर्तमानपत्राची आरोग्याची पुरवणी ती वर्षानुवर्षं कात्रीने कापून एका बिस्किटाच्या डब्यात साठवते. त्या डब्यातून एक कात्रण बाहेर आलं. शीर्षक: "गोठलेला खांदा? सात दिवसांत मोकळा!" खाली एका माणसाचं छायाचित्र होतं. त्याने दोन्ही हात वर केले होते आणि तो हसत होता. मला तो लुटारूंनी अडवलेला पण त्यांच्याशी ओळख निघालेला असा माणूस वाटला.

त्या सात दिवसांविषयी थोडक्यात सांगतो. कात्रणात लिहिलं होतं की गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकावं. त्याच सकाळी तुमचा संदेश आला (वर उगवता सूर्य, खाली गुलाब, मधे मजकूर) की आखडलेल्या सांध्याला उष्णता विष आहे, बर्फच लावावा. आता एकीकडे छापील मजकूर आणि दुसरीकडे थोरला भाऊ. हिच्या स्वभावात पक्षपात नाही हे तुम्ही जाणताच. तिने पुढून मीठ लावलं आणि मागून बर्फ. काही वेळाने पुढून मी घामाघूम आणि मागून काकडलेला अशा अवस्थेत खुर्चीत बसलो होतो, आणि मधे खांदा काय करावं ते न कळून जागच्या जागी होता. सातवा दिवस उलटला तेव्हा मी अदबीने आठवण करून दिली. ती म्हणाली, हे लोक दिवस सोमवारपासून धरतात.

पडद्याच्या दांडीविषयी हिने तुम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत नाही, म्हणून खरी हकीकत कळवतो. तुमच्या पुढच्या संदेशात होतं की दाराच्या चौकटीला लोंबकळल्यास खांदा आपोआप सुटतो. व्यायामवाल्या बाईंनी झटके देऊ नका म्हणून बजावलं होतं. पण लोंबकळण्यात झटका कुठे आहे, असा हिचा सवाल. आमच्या चौकटीला धरायला काही नाही, म्हणून बैठकीच्या खिडकीवरची पडद्याची दांडी ठरली. मी स्टुलावर चढलो, डाव्या हाताने दांडी धरली, उजवा नुसता साथीला सोबत नेला, आणि हिने स्टूल काढून घेतलं. दादा, खांदा सुटला नाही. दांडी सुटली. तिच्यासोबत पडदे, खिळे आणि भिंतीचा वीतभर गिलावा असं सगळं खाली आलं. खाली राहणारे निवृत्त न्यायाधीश आवाज ऐकून धावत वर आले, तेव्हा मी फुलाफुलांच्या पडद्यात गुंडाळलेला, हातात दांडी घेऊन जमिनीवर बसलो होतो. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "नाटक बसवताय का?" ही म्हणाली, "नाही, खांदा मोकळा करतोय." ते आल्या पावली खाली गेले. त्यांनी आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकल्या आहेत, पण त्या दिवशी त्यांना एकही ऐकायची इच्छा दिसली नाही.

इतकं झाल्यावर मीही ठरवलं की हे प्रकरण आता माझ्या पद्धतीने हाताळायचं. वरच्या फळीवरचे खंड काढले. (म्हणजे शिपायाने काढून दिले. मी खालून मान वर करून डोळ्यांनी दाखवले.) काही शोधनिबंध संगणकावरून छापून घेतले. पहिल्याचं शीर्षक वाचून होईपर्यंत चहा निवला. आत शंभरेक खांद्यांची हकीकत होती. ते खांदे कुठून आणले, कसे वाटून घेतले, कुणाला इंजेक्शन दिलं, कुणाला व्यायाम दिला, कोण मधेच सोडून गेलं, हे सगळं इतक्या सचोटीने लिहिलेलं की माझा ऊर भरून आला. निष्कर्ष असा की बऱ्याच जणांचा खांदा आपसूक सैल होतो, मात्र त्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात, आणि काहींच्या खांद्यात थोडा ताठपणा उरतोही. व्यायामाचा उपयोग होतो असं एका निबंधात होतं. दुसऱ्यात होतं, होतो, पण फार नाही. तिसरा निबंध पहिल्या दोन निबंधांवरच होता, आणि त्या दोघांनी मोजमाप नीट केलं नाही असं त्यात सभ्य भाषेत म्हटलं होतं. शेवटी तिन्हींत एकच वाक्य होतं: अधिक संशोधनाची गरज आहे.

मी हे सगळं संध्याकाळी हिला वाचून दाखवलं. ती शिवणाच्या वर्गातल्या मुलींची कापडं तपासत होती (शाळेत यंदा तिच्याकडे दोन वर्ग आहेत). शेवटपर्यंत ऐकून म्हणाली,

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही."

"माहीत नाही असं नाही," मी म्हटलं. "किती माहीत नाही, हे त्यांना नेमकं माहीत आहे."

"आणि तीन वर्षं तुमच्या अंगात शर्ट कोण घालणार?"

याला कोणत्याही निबंधात उत्तर नव्हतं. रोज सकाळी ती आधी दुखऱ्या हाताची बाही चढवते, मग पाठीमागून वळसा घालून दुसरी, मग समोर येऊन बटणं लावते. मी लहान मुलासारखा उभा असतो आणि ती मापं घेतल्यासारखी गंभीर असते. कॉलरचं बटण लावताना ती नेहमी क्षणभर थांबते, मला वाटतं काहीतरी प्रेमाचं बोलणार. आणि ती म्हणते, "मान वर करा, गळा सापडत नाही." केस विंचरायचं कामही तिच्याकडेच आलंय. तिने भांग उजवीकडून डावीकडे नेला. महाविद्यालयात दोघा प्राध्यापकांनी मला नवीन ग्रंथपाल समजून स्वतःची ओळख करून दिली.

एव्हाना घरात उघड दोन पक्ष पडले होते. जेवणाच्या टेबलावर तिच्या बाजूला बिस्किटांचा डबा, माझ्या बाजूला छापील निबंधांची चळत आणि मधे भाजी. ती म्हणे, तुमचे विद्वान तीन वर्षं थांबायला सांगतात, त्यांचं काय जातं, खांदा त्यांचा नाही. मी म्हणे, तुझ्या लेखात आधार म्हणून "तज्ज्ञ सांगतात" एवढंच आहे, हे तज्ज्ञ राहतात कुठे? तिचं म्हणणं, लेख वाचून माणसाला उठावंसं वाटतं, निबंध वाचून झोपावंसं वाटतं. (हे अगदीच खोटं नाही. तिसऱ्या निबंधावर मी दोनदा झोपलो.) तिकडे महाविद्यालयातही परिस्थिती बरी नव्हती. दरवर्षीचा गृहपाठ असतो: आरोग्याचा कोणताही एक विषय घ्या, त्यावरचा एक शोधनिबंध आणि एक लोकप्रिय लेख शोधा, दोन्हींची तुलना करा. यंदा निम्म्याहून अधिक वर्गाने विषय निवडला "गोठलेला खांदा". मला खूश करायला निवडला असेल असं वाटून मी आनंदाने वाचायला बसलो. एकीने प्रत्यक्ष निरीक्षण म्हणून जोडलं होतं: "रुग्ण मध्यमवयीन असून चिडचिडा असतो, आणि मदत मागण्यापेक्षा पुस्तक खाली पडू देतो." मी तिला चांगले गुण दिले. निरीक्षण अचूक होतं.

शेवटी एका रविवारी दुपारी तुमच्या बहिणीनेच तह मांडला. जेवणं झाली होती. तिने टेबल पुसलं, कात्रण माझ्यासमोर ठेवलं, माझ्या चळतीतला सर्वांत वरचा निबंध स्वतःसमोर ओढला आणि म्हणाली, "आज तुम्ही माझं वाचा, मी तुमचं वाचते. अगदी शेवटपर्यंत. आणि न बोलता." मी लाल पेन्सिल घेतली, तिने पांढरी शिवणाची खडूकांडी घेतली, आणि आम्ही परीक्षेला बसल्यासारखे समोरासमोर बसलो.

मी पहिल्या ओळीपासूनच कामाला लागलो. "प्राचीन काळापासून" याखाली रेघ: किती प्राचीन? "जगभरातील हजारो रुग्ण" याखाली रेघ: मोजले कुणी? असा खाली खाली येत गादीच्या एका जाहिरातीपाशी पोचलो, आणि तिच्या खाली एक बारीक चौकट होती ती वाचायला लागलो. त्यात लिहिलं होतं की ज्यांना मधुमेह आहे त्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून असा त्रास होणाऱ्याने एकदा रक्तातली साखर तपासून घ्यावी. मी सवयीने "आधार?" असं लिहायला पेन्सिल टेकवली, आणि तेवढ्यात समोरून ही म्हणाली, "अहो, हे वगळलेले म्हणजे काय?"

"कोण वगळलेले?"

"इथे लिहिलंय. मधुमेह असलेले रुग्ण अभ्यासातून वगळले. त्या बिचाऱ्यांनी कुणाचं घोडं मारलं होतं?"

दादा, मी वर्गात सांगतो त्याच आवाजात सांगायला लागलो. म्हटलं, त्यांना मुद्दाम बाजूला ठेवतात, कारण मधुमेह असला की हा त्रास जास्त होतो, आणि बराही सावकाश होतो, मग बाकीच्यांशी त्यांची तुलना नीट होत नाही, आणि... तिथे माझा आवाज थांबला. पेन्सिल अजून त्या चौकटीवर होती. तो निबंध मी दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा कोण घेतले, कोण वगळले हा भाग ओलांडून आकडेवारीकडे धावलो होतो. तिने ते कात्रण महिनाभर रोज हाताळलं होतं, पण तिचा रस वरच्या सात दिवसांत होता. गादीच्या जाहिरातीखाली काही असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचा लेख आणि माझा निबंध, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, त्या एका गोष्टीवर एकमत होते, आणि ती गोष्ट आम्ही दोघांनीही वाचली नव्हती.

हिने खडू खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "तुम्ही हल्ली पाणी फार पिता."

मी म्हटलं, वाचनालयात धूळ असते.

"आणि पँट सैल झालीये. मी दोनदा कंबर आत घेतली. मला वाटलं, खांद्याच्या काळजीने वाळलात."

मी म्हटलं, आधी या विषयावरचे आणखी एकदोन निबंध बघतो. तिने नुसतं बघितलं. मग मी तेही म्हटलं नाही. तिने कात्रण आणि निबंध एकमेकांवर ठेवून घडी घातली, डब्यात टाकलं, आणि म्हणाली, "उद्या उपाशी पोटी जायचं." ती शिवायला बसली, पण यंत्राचा आवाज सारखा थांबत होता. मी खिडकीपाशी गेलो (पडदे नव्हतेच) आणि रस्त्याकडे बघत बसलो. मला एकदम असं वाटलं की भांडण चालू होतं तेव्हा घर जास्त सुरक्षित होतं.

तपासणीच्या ठिकाणी रांग होती. मी पुस्तक नेलं होतं, पान उलटलं नाही. हिने माझी कॉलर दोनदा सारखी केली, ती दोन्ही वेळा सारखीच होती. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. साखर वाढलेली निघाली, थोडीथोडकी नव्हे, चांगलीच. घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही, असं ते म्हणाले. मी चिडलो. भीती वाटली की मला चिडायला होतं, हे तुम्हाला तुमच्या बहिणीने कधीतरी सांगितलं असेल. मी म्हटलं, डॉक्टर, या निष्कर्षाला आधार काय? ते शांतपणे म्हणाले, "तुमचं रक्त." यावर मी काय वाद घालणार! ते असंही म्हणाले की खांद्याने बोलावलं म्हणून बरं झालं, नाहीतर पुढे डोळ्यांनी किंवा मूत्रपिंडांनी बोलावलं असतं, आणि ते इतक्या सभ्यपणे बोलवत नाहीत. गोळ्या दिल्या, खाण्यातलं काय काय कमी करायचं ते सांगितलं, आणि रोज चालायला सांगितलं. मी चालण्याविषयी माझे जुने आक्षेप मांडले. ते त्यांनी ऐकून घेतले आणि रोज असा शब्द पुन्हा एकदा उच्चारला. बाहेर आल्यावर ही जिन्यात थांबली, माझा दुखरा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तुम्हाला सात दिवसांत काही होणार नाही, बरं का." मला ते वाक्य दोन्ही अर्थांनी पटलं.

आता तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून सद्यस्थिती कळवतो. साखर उतरायला लागली आहे. खांदाही तसूतसूने सैल होतोय. व्यायामवाल्या बाईंनी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला शिकवलंय. सुरुवातीला माझी बोटं दिव्याच्या बटणापाशी दमायची, आता घड्याळाच्या खालच्या कडेला जाऊन येतात. परवा मी स्वतःची मान स्वतःच्या हाताने खाजवली. ही बघत होती. आम्ही दोघांनी थोडा वेळ काम थांबवलं. पडद्याची दांडी सुताराने पुन्हा बसवली आणि जाताना म्हणाला की ही आता माणसाचं वजनही पेलेल. मी त्याला असं पुन्हा कुणापुढे बोलू नको म्हणून विनवलं. घरातले पक्ष अजून आहेत, पण आता जेवताना आम्ही कागदांची अदलाबदल करतो. तिला निबंधांतली "मधेच सोडून गेलेले" माणसं फार आवडतात. ती कुठे गेली असतील, घरी काय सांगितलं असेल, यावर ती मला रोज नवे प्रश्न विचारते. मला तिच्या पुरवणीतला "वाचकांचे अनुभव" हा भाग आवडायला लागलाय, हे मात्र महाविद्यालयात कुणाला कळवू नये.

बाकी इकडे क्षेम आहे. वहिनींना माझा नमस्कार आणि त्यांच्या खोकल्याला माझी सहानुभूती. या पत्रातल्या एखाद्या वाक्याचा राग आला तर ते पुन्हा वाचावं, बहुतेक ते कौतुकाचं निघेल.

तुमचा,
बहिणीने पदरात घेतलेला

ता. क. दादा, वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तुमच्या आईंना साखर होती हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. म्हणजे धोका हिलाही आहे आणि तुम्हालाही. ही मात्र तपासून घ्यायला तयार नाही. "मी दिवसभर पायावर उभी असते, मला कसली साखर?" हे तिचं उत्तर. मी पाच शोधनिबंध आणून दिले. त्यांवर तिने मुलींच्या झग्यांची कागदी मापं कापली. हल्ली रोज संध्याकाळी ती बाजाराकडे पायी निघाली की मीही सोबत निघतो आणि जाता-येता तिला पटवतो. पार नदीवरच्या पुलापर्यंत जाऊन येतो आम्ही. ती सगळं ऐकून घेते आणि म्हणते, बघू उद्या. दादा, मला मनातून भीती वाटते. माझ्या शब्दाला तिच्यापाशी किंमत आहे, पण तुमच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा तुम्ही तिला सांगा. स्वतःही तपासून घ्या.

ता. क. २. सांगण्यापेक्षा संदेशच पाठवावा. सूर्य, गुलाब, काय हवं ते घाला, माझी ना नाही. वर "सात दिवसांत" असंही लिहा. फक्त मधलं एक वाक्य मी लिहून देतो ते तसंच ठेवा: "आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल तर आपणही रक्त तपासून घ्यावं." याला भक्कम आधार आहे. तो मी देऊ शकतो, पण तो देऊ नये. आधार दिसला की तिला संशय येतो. आणि हे पत्र तिला दाखवू नये.

ता. क. ३. (अक्षर ओळखलंस ना?) दादा, हे पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं आणि उघडू नकोस म्हणाले, म्हणून उघडलं. मी रक्त यांच्या तपासणीच्या सकाळीच दिलं होतं. हे तिथल्या मुलाशी नॉर्मल म्हणजे नक्की काय यावर वाद घालत होते, तेवढ्यात मी आत जाऊन आले. माझी साखर अगदी व्यवस्थित आहे, डॉक्टरांनी शिक्का मारून सांगितलंय. यांना सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. हा माणूस जन्मात कधी औषध म्हणून चालला नसता. मला पटवायला म्हणून रोज पुलापर्यंत जाऊन येतो, हातवारे करत, आणि आता बोलण्याच्या भरात उजवा हातही थोडा वर जातो. मला पटलं तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसेल. तेव्हा तू तुझी तपासणी उद्याच करून घे, वहिनीला सोबत ने, पण मला संदेश पाठवू नकोस. निदान थंडी संपेपर्यंत तरी मला काही पटायला नको.